जाड लाकडासाठी ‘ट्रॅक सॉ’चे पाते निवडताना

पुण्या-मुंबईतील जुने वाडे आणि इमारती पाडल्या जातात तेव्हा माती-विटांचा ढिगारा डंपरमध्ये भरला जातो. सागवानी तुळया, खांब आणि दारांच्या चौकटी मात्र वखारींकडे वळतात. यातील पुष्कळ लाकूड ब्रह्मदेशातून आलेले असते. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनसारख्या कंपन्यांनी या सागाचा मोठा व्यापार उभारला होता. इतकी वर्षे छपराखाली मुरलेले हे लाकूड घनफुटाच्या हिशेबाने विकत घेऊन त्यापासून जेवणाचे टेबल, झोपाळ्याची फळी किंवा प्रवेशद्वार करवून घेण्याची हौस शहरी घरांमध्ये दिसते. अशी फळी दीड ते दोन इंच, म्हणजे साधारण ३८ ते ५० मिलिमीटर जाड असते. ती सरळ रेषेत चिरण्यासाठी अनेक फर्निचर कारागीर आणि हौशी मंडळी ‘ट्रॅक सॉ’ वापरतात आणि नेमक्या याच कामात अनेकदा पस्तावतात.

छेदाच्या दोन्ही कडा काळपट पडतात, जळक्या लाकडाचा वास खोलीभर पसरतो, यंत्र कण्हू लागते आणि मध्येच थांबते. दोष कधी यंत्राला दिला जातो, कधी लाकडाला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष असतो तो यंत्रात बसवलेल्या पात्याचा. प्लायवूडवर लोण्यासारखे चालणारे पाते दोन इंची सागात का अडखळते, हे समजण्यासाठी करवतीचा दाता लाकडात नेमके काय करतो ते पाहावे लागते.

ट्रॅक सॉ ही अॅल्युमिनियमच्या रुळावरून सरकवायची गोल करवत. रूळ फळीवर ठेवायचा, यंत्राचे पाते दाबून लाकडात उतरवायचे आणि यंत्र रुळावरून पुढे ढकलायचे. रुळाच्या कडेला रबरी पट्टी असते. यंत्र पहिल्यांदा चालवताना पाते तिचा फाजील भाग कापून टाकते, त्यामुळे पट्टीची कड हीच छेदाची रेषा ठरते. पात्याचे पुढचे दाते लाकडातून खालून वर येतात. साहजिकच तंतू वरच्या पृष्ठभागावर उचकटण्याचा संभव असतो. ते दाबून धरण्याचे काम ही पट्टी करते. साध्या गोल करवतीने कापताना फळीची चांगली बाजू खाली ठेवावी लागते, ट्रॅक सॉमध्ये ती वर ठेवता येते. प्लाय आणि लॅमिनेट कापणाऱ्यांना या यंत्राचे अप्रूप वाटते ते यामुळेच. या यंत्रांबरोबर अनेकदा मिळते ते ४८ दात्यांचे बारीक पातेही याच कामासाठी बनवलेले असते.

दात्यांचे गणित

सर्वसामान्य ट्रॅक सॉचे पाते १६० किंवा १६५ मिलिमीटर व्यासाचे असते. १६० मिलिमीटरच्या पात्याचा परीघ सुमारे ५०३ मिलिमीटर भरतो. त्यावर ४८ दाते असतील तर दोन दात्यांमधील अंतर साडेदहा मिलिमीटर होते. पाते फळीच्या खाली जेमतेम तीन मिलिमीटर डोकावेल इतकेच उतरवून १८ मिलिमीटरचे प्लायवूड कापले, तर पात्याचा साधारण ३७ मिलिमीटर लांबीचा कंस लाकडात असतो. म्हणजे एका वेळी तीन-चार दाते काम करत असतात. हेच पाते ५० मिलिमीटरच्या फळीत पूर्ण खोल उतरवले की लाकडातील कंसाची लांबी ८० मिलिमीटरच्या घरात जाते आणि एकाच वेळी सात-आठ दाते लाकडाशी झुंजू लागतात. यंत्राची ताकद तेवढीच राहते, ती वाटून घेणारे मात्र दुप्पट होतात.

यंत्र मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल तर ४८ दात्यांच्या पात्याचे ४,००० दाते प्रत्येक सेकंदाला एका बिंदूवरून जातात. जाड सागात कारागीर यंत्र मिनिटाला दोन मीटर या गतीने पुढे ढकलतो असे धरले, तर एका दात्यापासून दुसऱ्या दात्यापर्यंत यंत्र पुढे सरकते ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. दात्याची नवी कोरी धारदेखील सूक्ष्मदर्शकाखाली किंचित गोलसरच दिसते. इतक्या पातळ थरात ती शिरूच शकत नाही, नुसती घासत राहते. घासण्यातून निर्माण होते ती उष्णता, आणि काळी कड हा तिचाच पुरावा. तेच काम १२ दात्यांच्या पात्याला दिले तर प्रत्येक दात्याच्या वाट्याला चौपट जाड थर येतो. दाता घासत नाही, कापतो; आणि कापलेला तुकडा बाहेर पडताना बरीचशी उष्णता स्वतःबरोबर घेऊन जातो.

या तुकड्यांना जागाही लागते. घट्ट लाकडाचा भुसा झाला की त्याचे आकारमान कित्येक पटींनी वाढते. दाता लाकडातून बाहेर येईपर्यंत हा सगळा भुसा दात्यापुढच्या खाचेत मावला पाहिजे. ४८ दात्यांच्या पात्यात या खाचा लहान असतात. १८ मिलिमीटरमध्ये त्या पुरतात. ५० मिलिमीटरमध्ये वाटेतच भरून जातात आणि उरलेला भुसा पात्याच्या आणि लाकडाच्या मध्ये चेपला जातो. पात्याची कड मधल्या भागापेक्षा जास्त तापते, ती पसरू पाहते आणि सपाट चकती किंचित लहरदार होते. पात्यांवर लेझरने कोरलेल्या नागमोडी चिरा दिसतात त्या शोभेसाठी नसतात, कडेला पसरायला वाव मिळावा म्हणून असतात. पण त्यांनाही मर्यादा आहे. लहरदार झालेले पाते दोन्ही बाजूंना घासते, आणखी तापते आणि हे दुष्टचक्र यंत्र बंद पडेपर्यंत सुरू राहते.

तेव्हा दाते जास्त म्हणजे काप सफाईदार हा सर्वसाधारण समज पातळ मालापुरताच खरा आहे. जाडी वाढत जाते तशी दात्यांची संख्या कमी व्हायला हवी. लाकूड चिरताना एका वेळी दोन ते चार दाते लाकडात असावेत, हा त्याचा व्यवहारी आडाखा. ५० मिलिमीटरच्या फळीला तो लावला तर १६० मिलिमीटरच्या पात्यावर १२ ते २४ दाते हवेत, असे उत्तर मिळते.

चिरणे वेगळे, तोडणे वेगळे

हातकरवतीवर काम केलेल्या जुन्या सुतारांना यात नवल वाटणार नाही. लाकूड तंतूंच्या लांबीच्या दिशेने चिरायचे की तंतूंना आडवे तोडायचे, यानुसार करवतीच्या दात्यांचा घाट बदलतो. चिरण्याच्या करवतीचा दाता पटाशीसारखा असतो; तो तंतूंच्या टोकांवर चालतो आणि त्यांचे लांबट छिलके काढत जातो. आडव्या छेदाच्या करवतीचा दाता सुरीच्या टोकासारखा असतो. तो तंतू आधी दोन्ही कडांना कापतो आणि मग मधला भाग उचलतो.

गोल पात्यातही हाच भेद टिकून आहे. चिरण्याच्या पात्याचे दाते माथ्यावर सपाट किंवा अगदी थोडे तिरके असतात आणि पुढच्या बाजूला जास्त झुकलेले असतात. हा झुकाव साधारण २० अंश किंवा त्याहूनही अधिक असतो. आडव्या छेदाच्या व प्लायच्या पात्यात तो कमी, बहुतेक ५ ते १५ अंशांदरम्यान असतो आणि दात्यांचे माथे आळीपाळीने डावी-उजवीकडे तिरके घासलेले असतात. झुकाव जास्त असला की दाता लाकूड ओढून घेतो, यंत्र ढकलायला कमी जोर लागतो. लॅमिनेट आणि अॅल्युमिनियमच्या पात्यांत एक दाता सपाट व पुढचा कोपरे छाटलेला, अशी रचना आढळते. तिचा जाड सागाशी काही संबंध नाही. दुकानदाराने ते पाते ‘सगळ्याला चालते’ असे सांगितले तरी ते बाजूला ठेवावे.

मग १२ दात्यांचे घ्यावे की २४ दात्यांचे? काम कसले आहे यावर हे अवलंबून आहे. वखारीतून आलेल्या खडबडीत फळ्यांच्या कडा सरळ करून पुढे त्यांवर रंधा मारायचा असेल तर १२ दात्यांचे पाते वेगवान आणि थंड चालते. त्याने कापलेल्या कडेवर दात्यांच्या खुणा दिसतात. पण त्या रंध्याखाली निघून जातात. दोन फळ्या रंधा न मारता सरसाने जोडायच्या असतील तर २४ ते २८ दात्यांचे पाते बरे. त्याची कड बऱ्यापैकी गुळगुळीत येते आणि दीड इंची सागात ते हळू, पण न जळता चालते. घरच्या घरी वर्षाकाठी दोन-चार जाड फळ्या चिरणाऱ्याने १२ दात्यांच्या फंदात पडू नये. २४-२८ दात्यांचे एक पाते जाड लाकडासाठी आणि यंत्राबरोबर आलेले ४८ दात्यांचे प्लायसाठी, एवढे त्याला पुरते. मात्र दोन पाती आहेत म्हणजे ती बदलली पाहिजेत. पाते बदलायला लागणारी दोन-तीन मिनिटे वाचवण्याच्या आळसापायीच बहुतेक फळ्या जळतात.

काही फळ्यांना मात्र आडवा छेदही द्यावा लागतो. झोपाळ्याच्या फळीची दोन टोके, टेबलाच्या दोन बाजू. तिथे १२ दात्यांचे पाते खालच्या पृष्ठभागावरचे तंतू ओरबाडते. २४-२८ दात्यांचे पाते हेही काम निभावते, हा त्याचा आणखी एक गुण.

पाते विकत घेताना दात्यांखेरीज आणखी काही आकडे पाहावे लागतात. मधल्या भोकाचा व्यास यंत्राच्या आसाशी तंतोतंत जुळला पाहिजे. अनेक ट्रॅक सॉमध्ये तो २० मिलिमीटर असतो. मोठ्या भोकाचे पाते बसवून मधली फट कसल्यातरी कडीने भरणे धोक्याचे आहे. पात्यावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा यंत्राच्या गतीपेक्षा जास्त हवी. हा नियम आपल्याकडे सर्रास मोडला जातो. फरशी कापण्याच्या चार इंची मार्बल कटरला लाकडाचे पाते लावून काम करणारे सुतार प्रत्येक गल्लीत दिसतात. ही यंत्रे मिनिटाला १२-१३ हजार फेरे घेतात. त्यांना पात्यामागची फाट उघडी ठेवणारी सोय नसते, आणि लाकडासाठी हवे तसे आच्छादनही नसते. जाड लाकूड तर त्यांच्या आवाक्यातच नाही. तरीही दोन्ही बाजूंनी कापून दोन इंची फळी ‘मारून’ नेली जाते. त्यात पाते अडकले तर पुढे काय होते, हे सुतारवाड्यातील अर्धवट बोटांचे हात सांगतात.

तिसरा आकडा छेदाच्या रुंदीचा. बाजारात १.८ मिलिमीटरपासून अडीच मिलिमीटरपर्यंत रुंदीची पाती मिळतात. अरुंद पाते कमी लाकूड खाते, यंत्रावर कमी भार टाकते आणि बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांना ते विशेष मानवते. पण त्याची चकतीही पातळ असते. जाड, कठीण लाकडात बोथट झालेले पातळ पाते बाजूला वळते आणि फळीची कड गुण्यात राहत नाही. वर सरळ दिसणारा छेद खाली मिलिमीटरभर सरकलेला असतो, आणि ते दोन फळ्या जोडायला घेतल्यावरच कळते. सध्याच्या पात्याहून वेगळ्या रुंदीचे पाते आणले तर आणखी एक घोटाळा होतो. रुंद पाते रबरी पट्टीची कड पुन्हा छाटते. नंतर अरुंद पाते लावले की पट्टी आणि छेद यांच्यात फट राहते आणि तंतू उचकटू लागतात. म्हणून दोन्ही पाती एकाच रुंदीची, शक्यतो एकाच उत्पादकाची घ्यावीत.

पाते अडकते तेव्हा

झाड वाढताना आणि लाकूड वाळताना त्याच्या आत ताण साठतात. फळी चिरली की ते मोकळे होतात. कधी दोन्ही भाग फाकतात, कधी एकमेकांकडे येऊन मागे राहिलेली फट बंद करू लागतात. फट मिटली की पात्याचा मागचा भाग लाकडात आवळला जातो. मागचे दाते खालून वर न येता वरून खाली जात असल्याने ते लाकडात रुतून यंत्राला उचलतात आणि कापणाऱ्याच्या अंगावर मागे फेकतात. याला ‘किकबॅक’ म्हणतात आणि गोल करवतीचे अनेक गंभीर अपघात यातून होतात. जाड लाकडात हा धोका वाढतो, कारण पात्याचा मोठा भाग लाकडात पुरलेला असतो.

यावरचा उपाय म्हणजे पात्यामागे उभी असणारी पोलादी पट्टी, ‘रायव्हिंग नाइफ’. ती फट मिटू देत नाही. तिची जाडी पात्याच्या चकतीपेक्षा जास्त आणि छेदाच्या रुंदीपेक्षा कमी असावी लागते. म्हणून जाड पट्टी असलेल्या यंत्राला अरुंद पाते लावले की यंत्र छेदात पुढेच सरकत नाही. आणि पातळ पट्टीच्या यंत्राला रुंद पाते लावले तर पट्टी असून नसल्यासारखी. सर्वच ट्रॅक सॉमध्ये ही पट्टी नसते. जिथे ती नाही तिथे फूट-दीड फूट कापून झाले की यंत्र बंद करून, पाते पूर्ण थांबल्यावर मागच्या फटीत लाकडी पाचर ठोकावी.

खोलीच्या मर्यादेकडेही लक्ष हवे. १६०-१६५ मिलिमीटरच्या पात्याची कमाल खोली सुमारे ५५ मिलिमीटर असते. पण हा आकडा रूळ वगळून आहे की धरून, ते पाहावे लागते. रुळाच्या जाडीमुळे चार-पाच मिलिमीटर सहज कमी होतात. ४५ अंशांत कापताना हीच खोली ४० मिलिमीटरच्या आसपास येते. २१० मिलिमीटरच्या पात्याची मोठी यंत्रे ७० ते ७५ मिलिमीटरपर्यंत जातात; त्यांना अर्थातच जास्त दाते लागतात, कारण परीघ मोठा असतो. यंत्राच्या अगदी टोकाच्या खोलीवर रोज काम काढणे शहाणपणाचे नाही. ५० मिलिमीटरची फळी दोन टप्प्यांत, आधी निम्म्या खोलीवर आणि मग पूर्ण, अशी चिरली तर पाते थंड राहते आणि रूळ हलत नसल्याने रेषाही तीच राहते. चार इंची तुळई मात्र ट्रॅक सॉने चिरण्याचा हट्ट धरू नये. ती सॉ मिलमध्ये नेऊन बँडसॉवर फाडून आणावी. तिथली पट्ट्यासारखी करवत तिच्यासाठीच आहे.

सागवानाचा स्वभाव

सागाच्या पेशींत सिलिका, म्हणजे वाळूतलेच द्रव्य, साठलेले असते. आपल्याकडचा बल्लारशाचा साग असो की ब्रह्मदेशी, दात्यांची धार तो भराभर खातो. साध्या पोलादी पात्याचा त्यापुढे निभाव लागत नाही. म्हणून दात्यांच्या टोकांना टंग्स्टन कार्बाइडचे तुकडे जोडलेली पाती वापरतात. दुकानात ती ‘टीसीटी’ या नावाने मिळतात. कोबाल्टच्या साहाय्याने घट्ट बांधलेले कार्बाइडचे कण असे या पदार्थाचे स्वरूप आहे. तो १९२० च्या दशकात जर्मनीत विकसित झाला. तो अतिशय कठीण आहे आणि म्हणूनच ठिसूळही. पाडकामातील लाकडात लपलेला एक गंजका खिळा दात्याचे टोक उडवायला पुरेसा होतो. उडालेला कण डोळ्यात जाण्याचे भय वेगळेच. अशा लाकडावर आधी धातुशोधक फिरवावा, खिळे उपटावेत, आणि पहिला छेद जुन्या पात्याने घ्यावा. तपासून घेतलेल्या लाकडालाच नवे पाते लावावे.

भुशाबद्दलही सांगायला हवे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या घटकांत केला आहे. कमी दात्यांचे पाते जाडसर भुसा काढते, बारीक धूळ कमी करते आणि हा जाडसर भुसा व्हॅक्युमच्या नळीतून सहज ओढला जातो. तरीही सदनिकेच्या गॅलरीत काम करणाऱ्याने नळी जोडल्याशिवाय आणि तोंडाला योग्य मास्क लावल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. शेजाऱ्यांची तक्रार यायची ती आवाजाबद्दल येईलच.

पाते बोथट झाले असे वाटते तेव्हा पुष्कळदा ते केवळ मळलेले असते. सागातील तेलकट, चिकट द्रव्ये दात्यांच्या बाजूंना साचून करपतात आणि त्यामुळे घर्षण वाढते. प्लग काढून पाते उतरवावे, स्वयंपाकघरातील तेलकटपणा घालवणाऱ्या सौम्य द्रवात थोडा वेळ बुडवावे आणि जुन्या टूथब्रशने घासून कोरडे करावे. कॉस्टिक सोड्याचे तीव्र द्रावण वापरू नये. एवढे करूनही कडा जळत असतील तर दाते बोथट झाले असे समजावे. कार्बाइडला तिकोनी कानस लागू पडत नाही. त्याला हिऱ्याच्या चाकावरच धार लावतात आणि मोठ्या शहरांत हे काम करून देणारी दुकाने असतात. चांगल्या पात्याचे दाते जाड असल्याने त्याला अनेकदा धार लावता येते. स्वस्त पात्याच्या पातळ टोकांत तेवढा मालच नसतो, त्यामुळे सुरुवातीला वाचलेले पैसे वर्षभरात परत जातात. प्रत्येक वेळी धार लावताना व्यास आणि छेदाची रुंदी किंचित घटते. म्हणून परत आलेल्या पात्याने पहिला छेद टाकाऊ तुकड्यावर घ्यावा. पट्टीच्या कडेशी तो जुळतो का आणि रायव्हिंग नाइफ त्यात मोकळी फिरते का, ते पाहावे. मगच फळी रुळाखाली घ्यावी.